डावीकडे डोंगर, उजवीकडे पाणी

आई डोंबिवलीच्या शाळेत शिकवायची आणि रोज संध्याकाळी धीम्या लोकलने ठाण्याला परतायची. मुंब्रा सुटलं की डाव्या हाताला पारसिकचा डोंगर खिडकीशी यायचा, उजवीकडे खाडी. जलद गाड्या तेव्हा १९१६ सालच्या बोगद्यातून, डोंगराच्या पोटातून निघून जायच्या. धीमी मात्र वळसा घालत पाण्याच्या कडेने यायची. ‘दिवसभरातली तेवढी पाच मिनिटं माझी असायची,’ असं ती अजून म्हणते.

कळसूबाई, हरिश्चंद्रगड केलेली ही बाई निवृत्तीनंतर गुडघ्यांपुढे हरली. जिना उतरताना कठडा धरायला लागली. चालणं मात्र सोडलं नाही. तलावपाळीला रोज फेऱ्या चालूच होत्या. ताई अमेरिकेत सेंट लुईसला असते. तिने एकदा फोनवर सांगितलं, ‘आईला इकडे आण. इथे एक वाट आहे, तिला चढच नाही.’

ती वाट म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेली केटी ट्रेल. मिसूरी–कॅन्सस–टेक्सस रेल्वेच्या एम-के-टी या आद्याक्षरांतल्या के-टीवरून लोक त्या रेल्वेला केटी म्हणायचे. १९८६ च्या पुराने मिसूरी नदीकाठची लाइन खराब झाली आणि गाड्या बंद पडल्या. पण १९८३ च्या एका कायद्यामुळे बंद रेल्वेची जागा सलग राखून तिथे पायवाट करता येत होती. शेजारच्या शेतकऱ्यांचा विरोध झाला, कोर्टकज्जे झाले; टेड आणि पॅट जोन्स या दाम्पत्याने मोठी देणगी दिली आणि १९९० मध्ये पहिला टप्पा खुला झाला. आज ही वाट सुमारे ३८६ किलोमीटरची आहे.

आम्ही ऑक्टोबरमध्ये रोशपोर्ट ते हार्ट्सबर्ग असे चाळीसेक किलोमीटर चार दिवसांत चाललो. ताई सकाळी सोडायची, संध्याकाळी पुढच्या गावातून गाडीत घ्यायची. रोशपोर्टलाच १८९३ च्या सुमाराचा एक दगडी बोगदा आहे, जेमतेम पाऊणशे मीटरचा. आत शिरताच आई थांबली, भिंतीवर तळवा टेकला आणि म्हणाली, ‘इतकी वर्षं बोगद्याला वळसा घालून गेले. आज बाई, आतून.’

बोगद्याबाहेर आलो, गाव मागे टाकलं आणि ती पुन्हा थबकली. डावीकडे चुनखडीचा उंच कडा, उजवीकडे नदी. ‘अगं, हे तर मुंब्रा सुटल्यावरचं!’

पाणीही ओळखीचं, पावसाळ्यातल्या उल्हास नदीसारखं गढूळ. पायाखाली चुनखडीची बारीक कच दाबून बसवलेली. पाय टाकला की हलकी करकर. आणि खरोखर चढ नाही! लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढाला घसरतं, म्हणून रूळ टाकणारे शक्यतो मोठा चढ येऊ देत नाहीत: खोलगट जागी भराव घालतात, टेकडी आडवी आली तर फोडतात. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इंजिनासाठी केलेली ती मेहनत माझ्या आईच्या गुडघ्यांच्या कामी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने काठी माझ्या हातात दिली, ती संध्याकाळपर्यंत परत मागितली नाही. मला भरून आलं.

मॅकबेनजवळ वाटेपासून थोडं आत, शेतांच्या मध्ये बर ओक जातीचा एक प्रचंड वृक्ष उभा आहे, काही शतकं जुना. २०२० मध्ये त्याच्यावर वीज पडली, तरी जगला. त्याच्यासमोर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. कोणी जाणार असेल तर पाणी भरपूर न्या. गावं लांब लांब आहेत, मधे खायला-प्यायला फारसं काही मिळत नाही.

चौथ्या दिवशी पाऊस लागला. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. भिजलो आणि पोचलो.

ठाण्याला परतल्यावर एका रविवारी आई म्हणाली, ‘चल, डोंबिवलीला जाऊन येऊ.’ काम काहीच नव्हतं. येताना मुद्दाम धीमी घेतली, तिला खिडकी मिळाली. मुंब्रा सुटलं. ती कधी डोंगराकडे, कधी पाण्याकडे बघत होती.

‘इथून कळवा चालत किती लागेल गं?’

‘पाचेक किलोमीटर. दीड तास.’

‘पावणेदोन धर,’ ती म्हणाली. ‘मध्ये चहाला बसू.’