म्यूटचाच आवाज होऊ नये म्हणून

ट्रम्पेटचा आवाज दबवायला त्याच्या पुढच्या रुंद तोंडात, म्हणजे बेलमध्ये, बसवतात तो ॲल्युमिनियमचा शंकूसारखा स्ट्रेट म्यूट रंगमंचाच्या फळ्यांवर पडला की घणघणतो आणि वर गोल गोल फिरत राहतो. फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या 'नॉक्टर्न्स' या वाद्यवृंदासाठीच्या रचनेतल्या 'फेत'च्या रंगीत तालमीत माझ्या हातून नेमकं हेच झालं. लांबून मिरवणूक येते असा तो भाग. हार्प, टिंपनी (मोठे नगारे), तंतुवाद्यांचं पिझिकातो (बोटांनी छेडलेल्या तारा), सगळं अगदी दबक्या आवाजात, आणि त्यावर म्यूट लावलेले तीन ट्रम्पेट. म्यूट मी मांडीवर ठेवला होता. गुडघा जरा हलला आणि तो घरंगळला. कंडक्टर काही बोलले नाहीत, पुन्हा सुरुवात केली. मला मात्र रात्रभर तोच आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी आधी म्यूटची जागा ठरवली. मांडी बंद. उजव्या हाताशी, म्युझिक स्टँडला अडकवायचा होल्डर घेतला. त्याच्या आतून जाड फेल्ट चिकटवलं, कारण धातूला धातू नुसता टेकला तरी टणकन वाजतो. स्क्रूही आवळले. दुसरा, वाटीसारख्या तोंडाचा कप म्यूट खाली, घडी केलेल्या टॉवेलवर.

मग म्यूटला बेलमध्ये धरून ठेवणाऱ्या, त्याच्या बाहेरून चिकटवलेल्या कॉर्कच्या पट्ट्यांकडे पाहिलं. तीनपैकी एक पट्टी झिजून गुळगुळीत झालेली. त्यामुळे म्यूट तिरका बसायचा आणि त्याची कड बेलला घासायची. तिन्ही पट्ट्या नव्या लावल्या, पॉलिश पेपरने थोड्या थोड्या घासत सारख्या केल्या. घाई केली नाही ते बरं, जास्त घासलं गेलं तर म्यूट फार आत जातो आणि सूर गुदमरतो.

खरा वेळ गेला तो हाताला वळण लावण्यात. बेलमध्ये तोंडाची गरम वाफ सोडायची, त्या दमटपणाने कॉर्क धरतो. म्यूट काठाला न लावता मधोमध न्यायचा, कॉर्क टेकला की हलका पीळ. काढतानाही पीळ देऊनच. सरळ ओढला तर बूच उडाल्यासारखा 'पॉक' होतो. हे सगळं मात्रा मोजत, डोळे कंडक्टरवर ठेवून. स्वरलिपीवर पेन्सिलीने दोन खुणा केल्या, एक हात हलवायची, दुसरी म्यूट बसलेला असायलाच हवा त्या जागेची. आठवडाभर रोज वीस-वीस वेळा, ट्रम्पेट न वाजवता.

कार्यक्रमात टिंपनीच्या ठोक्यांखाली म्यूट आत गेला. कॉर्कने धरलेलं बोटांना कळलं, कानाला काहीच नाही.