ईसीजी नॉर्मल आला, मग पुन्हा कशाला?

औसा तालुक्यातल्या खेड्यांतून रुग्ण घेऊन येणारे नातेवाईक मला जे हमखास विचारतात, तेच तुम्हीही विचारलेत: पहिला ईसीजी नॉर्मल असताना दुसरा कशासाठी, आणि वर रक्ताची तपासणी कशासाठी? तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहितो, कारण ‘नॉर्मल आहे’ एवढे ऐकून छातीत दुखत असतानाच घरी निघालेली माणसे मी पाहिली आहेत.

ईसीजीची पट्टी ही हृदयातल्या विद्युतप्रवाहाची जेमतेम दहा सेकंदांची नोंद असते. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी त्या घडीला पूर्ण बंद झालेली नसेल, किंवा बिघाड हृदयाच्या मागच्या भागात असेल, तर ती नोंद अगदी निर्दोष दिसू शकते. म्हणून दुखणे थांबत नसेल, तर सुरुवातीच्या तासात दर पंधरा-तीस मिनिटांनी नवी पट्टी काढून जुनीच्या शेजारी ठेवावी लागते.

सोयाबीनच्या काढणीत एक मावशी आल्या होत्या. मधुमेह जुना, छातीत कळ नव्हती, जबडा दुखत होता आणि घामाने पदर भिजला होता. मधुमेही रुग्णांत आणि स्त्रियांत हार्ट अटॅक अनेकदा असाच वेश बदलून येतो. पहिली पट्टी साफ होती. “पित्ताची गोळी द्या, म्हशीची धार काढायचीय,” असे म्हणत त्या उठत होत्या. मी त्यांना थांबवून घेतले. अर्ध्या तासाने बांगड्या कोपराकडे सारून पुन्हा वायरी लावल्या, तेव्हा हृदयाचा खालचा भाग दाखवणाऱ्या तिन्ही लीडमध्ये, म्हणजे पट्टीवरच्या त्या बाजूच्या नोंदींत, रेषा दोन बारीक चौकटी वर उचलली गेली होती; ही हार्ट अटॅकची खूण. लातूरला मनगटातून अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांची तपासणी) झाली, हृदयाची उजवी रक्तवाहिनी बंद सापडली आणि तिथेच स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवला.

रक्तात पाहतात ते ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतले एक प्रथिन. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरते. पण झटपट तपासणीच्या साध्या कार्डावर दिसण्याइतके वाढायला काही तास लागतात, म्हणून लवकर केलेली तपासणीही पुन्हा करावी लागते. उलट पट्टीच स्पष्ट बोलत असेल, तर ट्रोपोनिनसाठी खोळंबून राहणे चूक आहे. टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, स्नायूचा कोणता भाग नीट आकुंचन पावत नाही ते दिसते. फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) चालवण्याची चाचणी मात्र दुखणे चालू असताना करत नाहीत.

एक विनंती आहे. जुना ईसीजी जपून ठेवा आणि येताना सोबत आणा. तो कागद आपल्याकडच्या उन्हाळ्यात पुसट होत जातो, म्हणून त्याची झेरॉक्स काढा. मावशींच्या दोन्ही पट्ट्यांची मी त्याच दिवशी काढून त्यांच्या फाईलला लावली.