पाव इंची स्पार्क प्लग: तिसऱ्या आवृत्तीची नोंद

ठिणगी पहिल्या दोन आवृत्त्यांतही छान पडत होती. मोकळ्या हवेत, कॉइलला जोडून, निळीशार आणि टणक आवाजाची. इंजिनात बसवल्यावर पहिला प्लग दहा मिनिटांत काजळीने बंद पडला. दुसऱ्याने नेमका उलटा त्रास दिला: स्विच बंद केल्यावरही इंजिन चार-सहा फेरे फायर होत राहिलं. दोन्हींचा गॅप, म्हणजे ठिणगी जिथे पडते ते दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, सारखाच, ०.३५ मिमी. फरक एवढाच की इन्सुलेटरचं (सिरॅमिकच्या विद्युतरोधकाचं) नाक, म्हणजे ज्वलनकक्षाकडचं बारीक टोक, एकात कमी उघडं होतं आणि दुसऱ्यात जास्त. म्हणून तिसऱ्या आवृत्तीत बाकी सगळी मापं कायम ठेवून तेवढं एकच माप बदलता येईल अशी रचना घेतली आहे.

प्लग हवा आहे तो हवेने थंड होणाऱ्या, चार स्ट्रोकच्या लहान मॉडेल पेट्रोल इंजिनासाठी. कॉम्प्रेशन रेशो ६. आटे पाव इंच व्यासाचे, इंचाला ३२. ग्लो प्लगचेही (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने मिश्रण पेटवणाऱ्या प्लगचेही) हेच आटे असल्यामुळे हेड तयार मिळतं आणि आटे पाडायची डायही सहज मिळते.

आधी या आट्यांबद्दलच, कारण मेट्रिक लेथवर इथेच गफलत होते. पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर, ०.७९४ मिमी येतो. गिअरबॉक्सवर ०.८ दिसतो आणि 'चालून जाईल' असं वाटतं. दर आट्याला फरक फक्त ०.००६ मिमीचा, पण ६ मिमी लांबीत साडेसात आटे बसतात, म्हणजे शेवटच्या आट्यापर्यंत जवळजवळ ०.०५ मिमी चूक साठते. प्लग तीन-चार फेरे गोड जातो, मग जड होतो, आणि जोर लावला की ॲल्युमिनियम हेडचे आटे जातात. डायच वापरावी. ती सरळ चालावी म्हणून टेलस्टॉकच्या डाय होल्डरमध्ये धरावी. खांद्यालगत ०.८ मिमी रुंद खाच आधी काढून ठेवली नाही, तर प्लग वॉशरवर बसण्याआधीच शेवटच्या अर्धवट आट्यावर अडतो.

बॉडी १० मिमी षटकोनी फ्री-कटिंग स्टीलची. षटकोनी भाग १०.५ मिमी उंच, आट्यांचा भाग ६ मिमी. वरून ६.२५ मिमीचं बोअर, त्यात इन्सुलेटर धरणाऱ्या नटसाठी एम ७ × ०.७५ चा टॅप, म्हणजे आतले आटे. हे बोअर हेडवर बसणाऱ्या खांद्याच्या १.५ मिमी वर थांबतं आणि त्याचा सपाट तळ हीच इन्सुलेटरची बैठक. बैठक याहून खाली नेता येत नाही. पाव इंची आट्यांचा मुळाशी व्यास सुमारे ५.४ मिमी; ६.२५ चं बोअर तिथे पोहोचलं तर आट्यांचा भाग बॉडीपासून सुटून येईल. तळात बोअर करताना कोपरा स्वच्छ सपाट हवा. ड्रिलच्या टोकाचा शंकू राहिला तर वॉशर फक्त कडेवर टेकतो.

बैठकीखाली २.९ मिमीचं रीम केलेलं भोक आरपार. मग ज्वलनकक्षाच्या बाजूने तेच भोक काही खोलीपर्यंत रुंद करणारं ४.० मिमीचं काउंटरबोअर. सगळा खेळ या काउंटरबोअरच्या खोलीत आहे.

इन्सुलेटरचं नाक २.८ मिमी व्यासाचं. २.९ च्या गळ्यात त्याच्याभोवती बाजूला जेमतेम ०.०५ मिमी मोकळीक राहते. तिथे ज्वाळा शिरत नाही, आणि नाकातली उष्णता ही पातळ फट ओलांडून बॉडीत, तिथून आट्यांवाटे हेडमध्ये जाते. ४.० च्या भागात भोवती ०.६ मिमी गरम वायू, त्यामुळे तेवढी लांबी तापते आणि तिची उष्णता गळ्यापर्यंत चालत गेल्यावरच बाहेर पडते. काउंटरबोअर खोल केलं की प्लग 'गरम' होतो, उथळ ठेवलं की 'थंड'. मोठ्या प्लगमध्ये हीट रेंज, म्हणजे प्लग किती गरम किंवा थंड चालणार ते, याच तत्त्वावर ठरते. तिथे मात्र बॉडी तीच ठेवून इन्सुलेटर बदलतात. लहान मापात सिरॅमिक बदलण्यापेक्षा स्टीलमध्ये एक भोक कमी-जास्त करणं कितीतरी सोपं. (हीट रेंजच्या आकड्यांवरून तयार प्लगशी तुलना करताना जपून. एनजीकेच्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशच्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे गरम.)

नाकाचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. साडेआठशेच्या पुढे गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका सुरू होतो. त्यामुळे तीन बॉडी केल्या: काउंटरबोअर ३, ४.५ आणि ५.५ मिमी. इन्सुलेटर एकच, आलटून पालटून बसवायचा. म्हणूनच बॉडीची वरची कड इन्सुलेटरवर कायमची वळवून तो आत बंद केलेला नाही. इन्सुलेटर सध्या ग्लँड नटने (दांड्याभोवती बसणाऱ्या, वरून आवळायच्या पोकळ नटने) धरला आहे.

इन्सुलेटर मॅकॉरचा, म्हणजे कार्बाइड टूलने कापता येणाऱ्या ग्लास-सिरॅमिकचा. कापल्यावर भाजावा लागत नाही, छिद्रिल नसतो, विद्युतरोधक म्हणून उत्तम. उणी बाजू दोन. सततच्या वापराची मर्यादा ८०० अंश, म्हणजे ॲल्युमिनापेक्षा बरीच खाली. आणि उष्णतावहन फारच कमी, १.५ वॅट प्रतिमीटर-केल्विनच्या आसपास. चांगल्या ॲल्युमिनाचं याच्या पंधरा पटींहून जास्त. त्यामुळे तयार ॲल्युमिना प्लगचं उघड्या नाकाचं माप इथे जसंच्या तसं उचललं तर प्लग अपेक्षेपेक्षा खूप गरम चालतो. दुसऱ्या आवृत्तीत नेमकं हेच झालं होतं.

इन्सुलेटरची मापं: नाक ८.४ मिमी लांब, खांदा ६.० व्यास × ४ मिमी, वरचा दांडा ४.५ व्यास × १६ मिमी. ८.४ अशासाठी की बैठकीपासून बॉडीच्या टोकापर्यंत ७.५, त्यात तांब्याच्या वॉशरचे ०.४ आणि नाक बाहेर डोकवायला ०.५. वॉशरची जाडी धरायची राहिली की नाक आत जातं आणि गॅप जुळवताना कारण सापडत नाही.

कापण्याचा क्रम महत्त्वाचा. ८ मिमी सळीत भोकं सगळ्यात आधी: नाकाच्या बाजूने १.०५ मिमी, ११.४ खोल, वरून २.० मिमी, १७ खोल. दोन्ही आत भेटतात. भेटीच्या जागी टवके उडतात, पण ते आतच राहत असल्याने बिघडत नाही. १.०५ चं ड्रिल कार्बाइडचं. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) दोन-तीन मिमीत बोथट होतं, मग दाब वाढतो आणि सळी उभी तडकते. दर मिलीमीटरला ड्रिल बाहेर काढून भुकटी धुवायची. टर्निंगचा वेग मिनिटाला १० ते १५ मीटर, म्हणजे ८ मिमी व्यासाला ५०० फेऱ्यांच्या आसपास, फीड (दर फेऱ्याला टूलची सरक) ०.०५ मिमी. पाण्यात मिसळणारं कूलंट सतत. ते टूलसाठी आहेच, पण धूळ बसवण्यासाठी जास्त. तरी मास्क हवाच, कारण धूळ काचेची आणि अभ्रकाची असते.

नाक एका दमात पूर्ण लांबी घेत, थर थर काढत २.८ वर आणायला गेलं की शेवटच्या थराला मोडतं. त्याऐवजी टोकाकडून दोन-दोन मिमीचा तुकडा थेट अंतिम मापावर आणत मागे सरकायचं. टूल जिथे कापतं तिथे मागे जाड सळीचा आधार असतो. नाक आणि खांदा यांच्या कोपऱ्यात ०.४ मिमी गोलाई ठेवायची. धारदार कोपरा म्हणजे तडा कुठून जाणार याची आधीच आखलेली रेघ. गोलाई आली म्हणून वॉशरचं भोक ३.७ मिमी, नाहीतर तो गोलाईवर चढून बसतो.

वॉशर ०.४ मिमी तांब्याचे, ३.७ × ६.० खाली आणि ४.७ × ६.० वर, लाल करून पाण्यात बुडवून मऊ केलेले. ग्लँड नट १.५ न्यूटन-मीटरला आवळला. त्याने अंदाजे १००० न्यूटन अक्षीय दाब येतो. ज्वलनाचा उच्चतम दाब ४० बार धरला तरी इन्सुलेटरला बाहेर ढकलणारं बल ६५ न्यूटनच्या आतच, त्यामुळे याहून जास्त आवळण्याची गरजच नाही. एक इन्सुलेटर ४ न्यूटन-मीटरला फुटला. त्या जोराला खांद्यावर चौरस मिमीला सुमारे २४५ न्यूटन येतात. मॅकॉरची दाब-क्षमता ३४५ च्या आसपास असली तरी ग्लँडचा चेहरा किंचित तिरका असेल तर सगळा भार एका कडेवर जातो. ग्लँडचे आटे आणि चेहरा एकाच पकडीत करावेत.

मधला इलेक्ट्रोड १.९५ मिमी व्यासाचा आणि खाली १.०० ला उतरवलेला, सामान्य शुद्ध निकेलचा. (निकेलची टिग वेल्डिंग सळी यासाठी सोयीची, २.४ मिमीची घ्यावी.) टंगस्टनचा मोह टाळावा. वितळण्याचा अंश प्रचंड, पण गरम हवेत ऑक्सिडीकरणाने झिजतो. नाकातल्या भोकात ०.०५ मिमी मोकळीक पुरेशी आहे: निकेल मॅकॉरपेक्षा जास्त प्रसरण पावतं, पण १ मिमी व्यासाला ६०० अंशांच्या फरकावर ही वाढ ०.००३ मिमीच्या आतच राहते. वरच्या भागात २३० अंशांपर्यंत टिकणारं रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे फटीत भरून घट्ट होणारा चिकट पदार्थ. इलेक्ट्रोडवर वायूचं बल जेमतेम ३ न्यूटन, म्हणजे तो उडून जाण्याची भीती नाही. कंपाउंडचं खरं काम गळती थांबवणं. पहिल्यांदा भोकातली कूलंटची ओल नीट न सुकवता ते भरलं आणि १० बारला पाण्याखाली टर्मिनलपाशी बुडबुडे आले. आता इन्सुलेटर १५० अंशांवर तासभर सुकवून, ॲसिटोनने धुऊनच भरतो.

बाजूचा इलेक्ट्रोड वेगळा जोडलेला नाही. बॉडीच्या टोकाला २.५ मिमी जादा लांबी ठेवून, १.२ मिमी रुंद जीभ राखून बाकीचं मिलवर कापलं आणि जीभ वाकवली. थंड वाकवली की मुळाशी तडा जातो, कारण फ्री-कटिंग स्टीलमधलं शिसं आणि गंधक वाकणीला मारक. लाल करून वाकवावी, अर्थातच इन्सुलेटर बसवण्याआधी. सिल्व्हर सोल्डरने तार जोडण्याचा विचार सोडून दिला. त्याचे बरेच प्रकार साडेसहाशे-सातशे अंशांत वितळतात आणि तुटलेली तार सिलिंडरमध्येच पडते.

आता गॅप. ठिणगीला किती व्होल्टेज लागेल हे दाबापेक्षा वायूच्या घनतेवर ठरतं. रेशो ६ आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असेल तर ठिणगीच्या वेळी घनता बाहेरच्या हवेच्या फार तर सहापट. म्हणजे इंजिन न चालवताही चाचणी घेता येते: खोलीच्या तापमानाला गेजवर ५ बार हवा भरली की घनता तितकीच होते. ॲल्युमिनियमच्या जाड ठोकळ्यात छोटा कप्पा, समोर १० मिमी पॉलिकार्बोनेट. फक्त हवा, इंधन कधीच नाही. सपाट इलेक्ट्रोड धरून हिशेब असा येतो: ०.२५ मिमीला ६ किलोव्होल्ट, ०.३५ ला ८ च्या जरा खाली, ०.५ ला साडेदहा. आपली कॉइल १२ देते. ०.५ वर नव्या प्लगची ठिणगी पडते, पण इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झाल्या किंवा नाकावर थोडी काजळी आली की शिल्लक संपते. म्हणून ०.३५. कॉइलची जोडणी मधला इलेक्ट्रोड ऋण होईल अशीच. तो जास्त गरम असतो आणि गरम पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. तारा उलट्या लागल्या तर प्लग चालतो, पण जास्त व्होल्टेज मागतो, आणि दोष प्लगला दिला जातो.

कप्प्यात दर काही मिनिटांनी हवा बदलावी. ठिणगीने ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं साठतात आणि वाचनं सरकत जातात.

वरच्या बाजूला ग्लँडपासून टर्मिनलपर्यंत दांडा साधारण ११.५ मिमी उघडा आहे. कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागाला मिलीमीटरला एक किलोव्होल्ट असा ढोबळ अंदाज धरला होता, तो पुरला. बोटांचा तेलकट हात लागला की अंधारात दांड्यावरून सरकणारी जांभळी रेघ दिसते. अर्धा मिमी खोलीच्या दोन खाचांनी वाट दोन मिमीने लांबते, पण ४.५ च्या दांड्यात त्या कापताना एक तुकडा गेला. टर्मिनलवर बूट (रोधक टोपण) घालणं बरं.

इंजिनात तिन्ही बॉडी, प्रत्येकी दहा मिनिटं मंद आणि दहा मिनिटं भारावर. नंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (मोठा रोध मोजायच्या उपकरणाने) टर्मिनल ते बॉडी रोध मोजला. ३ मिमी: नाक मखमली काळं, रोध एक मेगओमच्याही खाली, मंद गतीला मिस, म्हणजे मधूनमधून फायर होणं चुकतं. यात थंडपणाइतकाच दुसराही दोष आहे. टोकापासून गळ्यापर्यंत काजळीची वाटच अवघी साडेतीन मिमीची, आणि गळ्यात बॉडी टेकलेलीच. ५.५ मिमी: रोध उत्तम, पण नाक पांढरंफटक, कडेला चकाकी, जीभ निळी पडलेली. चकाकी म्हणजे मॅकॉरमधली काच मऊ पडू लागल्याची खूण. भारावरची चाचणी तिथेच थांबवली. ४.५ मिमी: नाकाचं टोक फिकट तपकिरी, गळ्याकडे गडद, रोध १०० मेगओमच्या वर, स्विच बंद करताच इंजिन थांबतं.

४.५ चीच बॉडी पुढे नेत आहे. बाकी राहिलंय ते ग्लँड काढून कड वळवणं. ०.६ मिमी जाडीची कड एका दाबात वळवली तेव्हा ती तीन ठिकाणी फाटली. ०.४ जाडी, आधी ६० अंशांच्या आणि मग १२० अंशांच्या शंकूच्या पंचने दोन टप्प्यांत, खाली तांब्याचा वॉशर, अशी मांडणी तयार आहे; पहिल्या चार रिकाम्या बॉडी मॅकॉरऐवजी पितळेच्या ठोकळ्यावर वळवून पाहायच्या आहेत.