पाचव्या पट्ट्यातल्या १६८ ठिणग्या

श्टुटगार्टमध्ये जुन्या स्पोर्ट्स कार घेण्याआधी तपासून देणं हे माझं काम. त्या शनिवारी एकाच ग्राहकासाठी दोन गाड्या लागोपाठ लिफ्टवर आल्या. दोन्ही पोर्शे ९११ करेरा एस, दोन्ही २०१० च्या. ३.८ लिटरचं इंजिन, ३८५ हॉर्सपॉवर. एक मॅन्युअल, सहा गिअरची, ६१,४०० किलोमीटर चाललेली. दुसरी पीडीके, म्हणजे दोन क्लचचा सात गिअरचा ऑटोमॅटिक, ८८ हजार किलोमीटरची. ग्राहक पुण्याचे इंजिनिअर, सोबत त्यांची बायको. त्यांचा निर्णय जवळपास झालेलाच होता. "दादा, मॅन्युअलच घ्यायचीय. पीडीके फक्त तुलनेला बघू."

वर्ष त्यांनी विचार करून निवडलं होतं. ९११ च्या या पिढीत, म्हणजे ९९७ मालिकेत, २००८ च्या उन्हाळ्यात इंजिन नवं आलं आणि आधीच्या इंजिनातला मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचा धोका त्याबरोबर गेला. पाच गिअरच्या जुन्या टिपट्रॉनिकच्या जागी पीडीकेही तेव्हाच आला. टिपट्रॉनिकमध्ये क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर होता, गिअर बदलताना गाडी क्षणभर थांबल्यासारखी वाटायची. ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कारला लोक नाकं मुरडतात ती बहुतेक त्या आठवणीने. पीडीकेत एका क्लचवर चालू गिअर आणि दुसऱ्यावर पुढचा गिअर आधीच लागलेला असतो. बदल होतो तो फक्त क्लचचा, त्यामुळे ओढ तुटत नाही. कंपनीचे आकडेही तेच सांगतात: शून्य ते शंभर मॅन्युअलला ४.७ सेकंद, पीडीकेला ४.५, स्पोर्ट क्रोनो हे जादा पॅकेज आणि त्यातलं लाँच कंट्रोल, म्हणजे जोरात सुटण्याची सोय, असेल तर ४.३. वजन मात्र पीडीकेचं ३० किलो जास्त. पण जुनी गाडी घेताना हे आकडे शेवटी बघायचे असतात.

दोन्ही गाड्या रात्रभर आमच्याकडे उभ्या होत्या, कारण गिअरबॉक्स थंड असतानाच खरं बोलतो. गरम तेलात सिंक्रोची, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्यांची, झीज लपते. मॅन्युअलचं इंजिन सुरू करून आधी क्लच पूर्ण दाबला आणि सोडला. दाबल्यावर थांबणारी घरघर रिलीज बेअरिंगची किंवा इनपुट शाफ्टकडची असते, इथे ती नव्हती. मग सावकाश पहिला, दुसरा, तिसरा आणि परत दुसरा. दुसऱ्यात जाताना किंचित खरखर आली, तेल तापल्यावर गेली. १५ वर्षांच्या गाडीत एवढं मी लिहून ठेवतो, त्यावरून गाडी नाकारत नाही. क्लच घसरतो का हे पाहायला चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. काटा आणि वेग एकत्र चढले. घसरणाऱ्या क्लचमध्ये काटा आधी उडी मारतो, गाडी मागून येते. पेडल फार वर येऊन पकडत नव्हतं. खालून पाहिलं तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर तेलाचा ओलावा नाही. इथवर मॅन्युअलची बाजू भक्कम होती.

मग गाडीच्या कंट्रोलरमधल्या नोंदी वाचणारा टेस्टर जोडला आणि ओव्हररेव्हचा, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याचा, अहवाल काढला.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण मॅन्युअल ९११ घेताना याहून महत्त्वाचा कागद नाही. इंजिनचा कंट्रोलर मर्यादेपलीकडचे फेरे सहा पट्ट्यांत मोजतो. पट्ट्यांच्या सीमा इंजिनागणिक बदलतात. मोजमाप सेकंदांत नसतं, ठिणग्यांच्या संख्येत असतं, आणि प्रत्येक पट्ट्यापुढे शेवटची घटना इंजिनच्या कितव्या तासाला झाली ते लिहिलेलं असतं. खालचे पट्टे लिमिटरला टेकलं तरी भरतात, त्यांचं भय नाही. वरचे पट्टे इंजिनाच्या स्वतःच्या जोराने भरूच शकत नाहीत, कारण ७,५०० च्या आसपास लिमिटर इंधन तोडतो. ते भरतात ते चाकांनी इंजिन फिरवलं तरच, म्हणजे चुकून खालचा गिअर पडला तर. तेव्हा लिमिटरच्या हातात काही उरत नाही.

या गाडीच्या पाचव्या पट्ट्यात १६८ ठिणग्या होत्या, शेवटची नोंद ९१२ व्या तासाची. एकूण तास १,१८०.

त्याचा अर्थ मी टेबलावर कागद ठेवून दोघांना मांडून दाखवला. सहा सिलिंडर, चार स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला तीन ठिणग्या. ९,००० आरपीएमला सेकंदाला १५० फेरे, ४५० ठिणग्या. १६८ ठिणग्या म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. नोंद अनेक वेळांची बेरीजही असू शकते, पण एकाच चुकीला एवढा वेळ पुरतो. ती कशी होते? तिसऱ्या गिअरमध्ये ६,५०० वर गाडी ताशी १४० च्या पुढे असते. चौथा सरळ मागे ओढायचा. पण डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत चालक लिव्हर घट्ट पकडून स्वतःकडे ओढतो आणि तो डावीकडे सरकून दुसऱ्यात पडतो. गुणोत्तरं तिसऱ्याचं १.६१, चौथ्याचं १.२८, दुसऱ्याचं २.३२. चौथा पडला असता तर इंजिन ५,१७० वर आलं असतं, दुसरा पडला की ९,३७० वर जातं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगना तेवढा वेग झेपत नाही. व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही, पिस्टनला निसटता लागू शकतो. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ताणले जातात ते वेगळंच, आणि ते बाहेरून कुठल्याही तपासणीत दिसत नाहीत.

घटना किती जुनी? ६१,४०० भागिले १,१८०, सरासरी ताशी ५२ किलोमीटर. घटनेनंतर २६८ तास, म्हणजे सुमारे १४ हजार किलोमीटर गाडी चालली आहे. एवढी चालूनही आवाज नाही, धूर नाही, म्हणून पुष्कळ जण इथे सोडून देतात. मी विकणाऱ्याची परवानगी घेऊन लीकडाउन, म्हणजे सिलिंडरच्या गळतीची चाचणी, करायचं ठरवलं. प्लगपर्यंत हात पोचायलाच दीड-दोन तास गेले. प्रत्येक सिलिंडर वरच्या टोकाला आणून हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते पाहायचं. पाच सिलिंडर ४ ते ६ टक्क्यांत. उरलेला, पाच क्रमांकाचा, १४. इंजिन दोन फेरे फिरवून पुन्हा मोजलं, तरी १४. हवेचा सुस्कारा सायलेन्सरच्या नळीतून ऐकू येत होता, म्हणजे गळती एक्झॉस्ट व्हॉल्व्हची. तेलाच्या झाकणातून आला असता तर पिस्टन रिंगची. एवढ्यावरून व्हॉल्व्ह वाकलाच आहे असं मी लिहीत नाही, कार्बन बसूनही गळती होते. पण ओव्हररेव्हची नोंद आणि एकाच सिलिंडरची गळती एकत्र आल्यावर खात्री करायची तर इंजिन उतरवून हेड काढावा लागतो, आणि तो खर्च घेणाऱ्याने करायचा नसतो. विकणारे गृहस्थ तिसरे मालक. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही हे त्याच दिवशी कळलं असावं.

मॅन्युअलबद्दल मला सांगायचं ते एवढंच आहे. त्या गिअरबॉक्सची स्वतःची दुरुस्ती तुलनेने सोपी आणि तुकड्यातुकड्याने होते: क्लच, ड्युअल मास फ्लायव्हील, सिंक्रो. पण आधीच्या प्रत्येक मालकाचा हात थेट इंजिनापर्यंत पोचलेला असतो. पीडीके तसं होऊ देत नाही. खालचा गिअर मागितला आणि फेरे मर्यादेबाहेर जाणार असतील तर तो नकार देतो. दुपारी पीडीकेचा अहवाल काढला तेव्हा वरचे चारही पट्टे रिकामे होते, आणि ते अपेक्षितच होतं. पीडीकेचा धोका इंजिनात नसतो, त्याच्या स्वतःच्या आत असतो. तिथलं काम मोठं निघतं. सुरुवातीच्या काळात तर तो उघडत नसत, अख्खा बदलत. आता सेन्सर आणि इतर भाग बदलून देणारे गॅरेजवाले आहेत, तरी हे काम कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचं नाही.

पीडीकेला मी नेतो तो रस्ता ठरलेला आहे. श्टुटगार्ट वाटीसारखं खोलगट शहर, चारी बाजूंना चढ. आधी नेकारटोरच्या गर्दीत अर्धा तास थांबत-सरकत, म्हणजे क्लच तापतो. मग नॉयं वाइनश्टायगंचा चढ, आणि वरच्या वस्तीतल्या अरुंद उतारावर उलट चढणीने रिव्हर्स. पीडीकेचे क्लच तेलात बुडालेले असले तरी चढावर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की ते घासतात आणि तापतात. ब्रेकवर पाय ठेवायचा, ही सवय मॅन्युअलवरून आलेल्या माणसाला मुद्दाम लावावी लागते. वर चढताना गिअर स्वच्छ पडत होते. रिव्हर्समध्ये मात्र गाडी थरथरली. हलकी, पण सीटमध्ये जाणवेल अशी. फॉल्ट मेमरीत काही नाही. सर्व्हिसच्या कागदांत क्लचचं तेल बदलल्याची एकही पावती नाही. पीडीकेत दोन वेगळी तेलं असतात, एक क्लच आणि हायड्रॉलिक्सचं, दुसरं गिअरचं. "गिअरबॉक्सचं तेल बदललं" एवढंच लिहिलेल्या पावतीवर कुठलं तेल ते विचारावं लागतं, इथे तर पावतीच नव्हती.

महामार्गावर फरक उलट बाजूने दिसतो. ताशी १३० ला मॅन्युअल सहाव्यात सुमारे ३,२०० वर असते, पीडीके सातव्यात २,३०० च्या आसपास. तासभराच्या प्रवासात हा आवाजाचा फरक मोठा आहे. ९९७ मधली पीडीकेची स्टिअरिंगवरची सरकती बटणं मात्र मला पसंत नाहीत, वळणावर अंगठा चुकतो. पॅडल असलेलं स्टिअरिंग मिळालं तर तेच घ्यावं.

दुपारी बाईंनाही गाडी चालवून बघायची होती. विम्यासाठी मी सगळ्यांचं लायसन्स बघतो. कार्डाच्या मागच्या बाजूला बी वर्गासमोर ७८ लिहिलेलं होतं. त्यांना विचारलं, "परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली होती का?"

"हो, २०१९ मध्ये. नाशिकला बारा वर्षं मॅन्युअल चालवली, पण इथे सगळं उलट्या बाजूला, म्हणून सोपं तेच घेतलं."

भारतीय लायसन्स जर्मनीत नुसतं बदलून मिळत नाही, लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ती ऑटोमॅटिकवर दिली की ७८ चा शेरा पडतो आणि मॅन्युअल चालवणं म्हणजे लायसन्सशिवाय चालवणं, नाशिकचा अनुभव कितीही असो. एप्रिल २०२१ पासून वाट आहे: ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मॅन्युअलवर ४५ मिनिटांचे किमान दहा तास आणि शाळेचीच १५ मिनिटांची चाचणी, मग ७८ च्या जागी १९७ येतो. पुन्हा सरकारी परीक्षा नाही. हे दोघांनाही माहीत नव्हतं. घरात एकच गाडी राहणार होती आणि आठवड्यातले तीन दिवस ती गाडी बाई चालवणार होत्या, नेकारटोरमधूनच.

रविवारी सकाळी आल्ब डोंगरांच्या घाटरस्त्यांवर जायला दुसरी गाडी म्हणून कोणी विचारलं, तर मी आजही स्वच्छ अहवालाची मॅन्युअल सांगेन आणि तिच्यासाठी सहा महिने थांबायलाही सांगेन. तिला भाव जास्त आहे, पण विकतानाही तो मिळतो. या घरासाठी ती योग्य नव्हती. आणि ही विशिष्ट मॅन्युअल तर कोणासाठीच नव्हती.

पीडीकेच्या मालकाशी लेखी ठरलं: क्लचचं तेल बदलून, टेस्टरवर क्लचचं कॅलिब्रेशन करून पुन्हा त्याच उतारावर चाचणी, खर्च विकणाऱ्याचा, थरथर राहिली तर व्यवहार रद्द. पुढच्या गुरुवारी तेल काढलं. काळपट होतं आणि त्याला जळका वास होता. नवं तेल भरताना गाडी अगदी समपातळीत, इंजिन चालू आणि तेल ठरलेल्या तापमानाला असावं लागतं. गरम तेलावर पातळी मोजली तर ते कमी भरलं जातं, आणि थरथरीचं एक कारण तेच असतं. कॅलिब्रेशननंतर अर्धा तास गर्दीत, मग वर. त्याच उतारावर चार वेळा रिव्हर्स घेतला, शेवटचे दोन त्या बाईंनी, ब्रेकवरून पाय हळू उचलत. गाडी एकसारखी मागे चढली.