गेलेल्या लेकीचा वाढदिवस अजून का करता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. खरं तर हे बऱ्याच जणांनी विचारलंय, कुणी तोंडावर, कुणी आडून, की पोरगी जाऊन इतकी वर्षं झाली तरी ही बाई दर डिसेंबरला अंगणवाडीत शिरा वाटते, संध्याकाळी देवळात हरिपाठ ठेवते, हे कशासाठी, त्रास होत नाही का. होतो. तरी करते आणि करत राहणार.

आमच्याकडे एवढ्याशा लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्यामुळे दहावा नाही, तेरावा नाही, वर्षश्राद्ध नाही, पितृपक्षात तिच्या नावाचं पान नाही. पणजोबांना मी कधी बघितलेलं पण नाही, त्यांच्यासाठी दरवर्षी कावळ्याची वाट बघत उभी राहते, आणि जी माझ्या मांडीवर बसून जेवायची तिच्यासाठी काहीच नाही. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, ताई, लहान मुलाचं काही करायचं नसतं, ते निष्पाप असतं, त्याला गरज नसते. तिला नसेल. मला होती. मग तिचा म्हणून एकच दिवस उरला, जन्माचा, तो मी धरून ठेवला.

ठकी म्हणायचो आम्ही तिला. ब्लड कॅन्सर होता, लहान मुलांमध्ये जो सगळ्यात जास्त आढळतो तो, आणि त्यातनं पुष्कळ मुलं बरी होतात हे मुद्दाम सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाचं पोर आत्ता ट्रीटमेंटवर असेल तर त्यांनी धीर सोडू नये. आमची नाही वाचली. केमो चालू असताना इन्फेक्शन झालं आणि ते आवरलं नाही.

मुंबईत आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या नावाची जी धर्मशाळा आहे तिथं राहायचो, परळला ट्रीटमेंटला येणारे लांबलांबचे पेशंट तिथं असतात. केस गेल्यावर आण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतःची पांढरी टोपी तिला घातली. ती पार नाकावर यायची, मग मागं टाके घालून आवळली. ती टोपी घालून ठकी वॉर्डात सलाईनच्या स्टँडसकट फिरायची, डॉक्टर दिसले की रामकृष्णहरी म्हणायची आणि समोरच्यानं परत म्हटल्याशिवाय त्याला पुढं सोडायची नाही. एका नर्सताईंना मराठी फारसं येत नव्हतं, त्या पण लांबूनच हात जोडून रामकृष्णहरी म्हणायच्या.

आणि गाव. आमचं गाव फलटण तालुक्यात, माऊलींची पालखी जवळून जाते, वारी घराघरात आहे. ठकीला सारख्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, बाहेरून द्यायला लागायच्या. त्या पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, साठा करून ठेवता येत नाही, सारखं नवीन माणूस लागतं. गावातली पोरं रात्री गाडी काढून मुंबईला यायची, मशीनला तास-दीड तास हात पसरून बसायची, वडापाव खाऊन परत जायची कारण सकाळी दूध घालायचं असायचं. भजनी मंडळानं देवळाच्या रंगासाठी जमवलेले पैसे आमच्या हातात दिले. त्या वर्षी देऊळ तसंच राहिलं आणि आजपर्यंत एका माणसानं ते बोलून दाखवलेलं नाही.

ती गेल्यावर समजूत घालायला खूप लोक आले. एकजण गाडगेबाबांचं सांगायला लागले, की कीर्तन चालू असताना त्यांना एकुलत्या एका मुलाच्या मरणाची बातमी आली तर ते म्हणाले, असे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी, आणि कीर्तन पुढं चालू ठेवलं. बाबांबद्दल मला अपार आदर आहे, त्यांच्या नावाच्या छपराखाली माझं लेकरू झोपलंय. पण मी त्यांच्याएवढी मोठी नाही हो. कोट्यानुकोटीतली माझी एकच होती आणि मी त्या एकीसाठीच रडले. देवाला आवडली म्हणून नेली असंही म्हणतात, ते तर मला अजिबात पटत नाही. तिला आजारानं नेलं. विठ्ठलाला असली हौस नाही, असं मी मानते.

पण तेव्हा हे म्हणायची ताकद नव्हती. मी देवापुढं दिवा लावायचा सोडला. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एका शब्दानं विचारलं नाही, त्या लावायच्या. देवळाकडं तर मी बघत पण नव्हते. मग एका संध्याकाळी भजनाच्या बायका टाळ घेऊन आमच्याच ओसरीवर आल्या, म्हणाल्या आज इथंच म्हणतो. मी आत पडून होते. त्यांनी हरिपाठ म्हटला, चहा घेतला, गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. मला कुणी बाहेर ये म्हणालं नाही, कुणी समजावलं नाही, रोज यायच्या आणि म्हणून जायच्या, आणि कधीतरी मी उठून उंबऱ्यात येऊन बसले. त्यातल्या थोरल्या काकूंनी नुसतं सरकून माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाल्या, ठकी पालुपद किती मोठ्यानं म्हणायची गं. ती गेल्यापासून तिचं नाव माझ्यासमोर घेणारी ती पहिली बाई. बाकी सगळे मला त्रास होईल म्हणून टाळत होते. माझी श्रद्धा परत आली ती अशी, ओसरीवरून.

पुढचा वाढदिवस त्या बायकांनीच केला, मी नाही. शिऱ्याचा रवा पण त्यांचाच होता. आता ठकीचा भाऊ वाटतो शिरा, तो तिच्यानंतरचा, त्यानं तिला बघितलं नाही, आणि वयानं तो केव्हाच तिच्या पुढं गेला तरी तिला ताईच म्हणतो.

तर यंदाही आहे, यायचंय त्यांनी या. केक आणू नका, कापायला कुणी नाही. अंगणवाडीसाठी राजगिऱ्याचे लाडू किंवा केळी चालतील. हरिपाठानंतर पोरं प्लेटलेट्स द्यायला तयार असलेल्यांची यादी करणार आहेत, नाव, रक्तगट आणि फोन नंबर एवढंच लिहून द्यायचं, तालुक्यातल्या कुणालाही गरज लागली तर ती वापरतात. निगेटिव्ह गटाची माणसं यादीत फार कमी आहेत, कुणी असाल तर नक्की या.