डग्गा कुठे गेला?

गाडी दहा वर्षांची, पण इंजिनाची तक्रार नाही. कुरकुरायचे ते स्पीकर. कात्रजच्या घाटात विलंबित ख्याल लावला की गायक ऐकू यायचा, तंबोरा एसीच्या घरघरीत विरून जायचा आणि डग्गा तर तबलजी घरीच विसरून आल्यासारखा. लहानपणी सहा वर्षं तबला शिकलेय मी. सहन होईना.

नाना पेठेतल्या दुकानात शिरलो तर दुकानदाराने नवऱ्याकडे बघून विचारलं, "साहेब, बजेट किती?" साहेबांना दादरा आणि केरवा यांतला फरक कळत नाही. "हिला विचारा, गाडी तिची आहे," म्हणून ते पंख्याखाली जाऊन बसले. मग माझ्यासमोर दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन आली. "ताई, डेमो ऐका!" त्या डेमोत गाणं नव्हतंच, नुसते दणके होते. काउंटरवरचा पाण्याचा ग्लास थरथरला की सिस्टिम पास.

खोक्यावर ठळक छापलेलं: ५० वॉट गुणिले ४. हा क्षणभर गाठायचा कमाल आकडा. दम न लागता सतत देता येते ती ताकद म्हणजे आरएमएस, आणि ती बारीक अक्षरांत. हेड युनिटच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या स्टिरिओच्या, पोटातला अँप्लिफायर एका स्पीकरमागे वीसेक वॉटच्या पुढे सहसा जात नाही. म्हणून मी वॉटचा नाद सोडून स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये तो किती मोठा आवाज काढतो ते, वाचायला लागले. ८९ डेसिबलच्या स्पीकरला ज्या आवाजासाठी २० वॉट लागतात, तोच आवाज ९२ वाला १० वॉटमध्ये काढतो. हे कळलं आणि वेगळा अँप्लिफायर, बॅटरीपासून ओढलेली जाड वायर, तिच्यावरचा फ्यूज हा सगळा संसार टळला.

मागचे ओव्हल स्पीकरही नको म्हटलं. मैफिलीत कोणी गायकाकडे पाठ करून बसतं का? सगळे पैसे पुढच्या दोन दारांत घातले. साडेसहा इंची कंपोनंट सेट: खालच्या सुरांचा वूफर दारात, वरच्या सुरांचा ट्वीटर वर आरशाच्या कोपऱ्यात. दोन्ही एकत्र असलेले कोअ‍ॅक्सियल स्वस्त पडतात, पण मग गायक बिचारा आपल्या गुडघ्यांशी बसून गातो.

दारांना आतून डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारं जाड चिकट आवरण, लावायची म्हटल्यावर पंख्याखालून आवाज आला, "आता पत्र्यालाही कपडे?" पण खरी गोम तिथेच होती. स्पीकरचा पडदा पुढची हवा ढकलतो तेव्हाच मागची ओढत असतो. दाराच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढाली भोकं असतात. त्यांतून पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना भेटतात आणि खर्ज तिथल्या तिथे मिटतो. नुसत्या पुडीवर डग्गा वाजत नाही, खाली भांडं लागतंच. दार हे स्पीकरचं भांडं. हे ऐकून फिटिंगवाला पोरगा पहिल्यांदा हसला. मग मन लावून त्याने ती काळी, चंदेरी पाठीची शीट भोकांवरही रोलरने दाबदाबून बसवली. नंतर दारावर बोटाने टिचकी मारली. टण्ण नाही, ठप्प.

एवढं करून घरी येताना ख्याल लावला, तर डग्गा आधीपेक्षाही कमी! फोन केला. "ताई, स्पीकर नवीन आहेत, मोकळे व्हायला वेळ लागतो." आठवडा थांबले. मग एका रात्री पार्किंगमध्ये सहज बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला. डग्गा आला. पूर्ण उजवीकडे नेला, तरी आला. मधोमध आणला की गायब. म्हणजे एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जात होता. एका बाजूच्या वायरी उलट्या!

रविवारी हॉलमधल्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल काढला. स्टिरिओ बाहेर ओढून त्याच्यामागचा वायरींचा कपलर सोडवला. नवरा दाराचं पॅड उघडून मोबाईलचा उजेड धरून बसला. आधी डावीकडची पांढरी वायर सेलच्या प्लसला, काळ्या पट्ट्याची मायनसला.

"टक झालं. बाहेर आला."

मग उजवीकडची करडी जोडी.

"आत गेला," तो म्हणाला आणि लगेच, "परत कर ना एकदा."

चार वेळा केलं. मग वायरी बदलल्या, पॅड बसवलं आणि तिथेच, बंद गाडीत, अख्खा विलंबित एकताल ऐकला. समेच्या आधीचा घिस्सा थेट पायाच्या तळव्यांना लागला. नवऱ्याने विचारलं, "हा आत्ता घुमला तो डग्गा का?"

घड्याळ अजून पावणेबारावरच आहे. सेल गाडीच्या कप्प्यात राहिलाय.