रात्री बारानंतरची तारीख

व्हिएन्ना ते इस्तंबूल हे अंतर विमान दोन-अडीच तासांत कापते. गेल्या सप्टेंबरात ते आम्ही रेल्वेने सहा दिवसांत कापले, आणि त्या सहा दिवसांच्या आखणीसाठी त्याआधीचे तीन आठवडे पुण्यात, जेवणाच्या टेबलावर घालवले. हट्ट बाबांचा होता. दौंड-मनमाड पट्ट्यात मालगाड्यांवर गार्ड म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला युरोपात जाऊन विमानाने फिरणे हा जवळजवळ अपमानच वाटतो.

त्यांची पहिली निराशा तिकिटाची. आपल्याकडे सर्क्युलर जर्नीचे, म्हणजे फिरून मूळ ठिकाणी आणणारे, एक तिकीट काढून अर्धा देश पालथा घालता येतो, लांबच्या तिकिटावर पाचशे किलोमीटरनंतर ब्रेक जर्नी, म्हणजे वाटेत उतरून थांबण्याची मुभा, मिळते. मग तिकडे व्हिएन्नापासून इस्तंबूलपर्यंतचे एक तिकीट का मिळू नये, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. प्रत्येक देशाची रेल्वे वेगळी, आरक्षण सुरू होण्याचा दिवस वेगळा. एका संकेतस्थळाने तर बल्गेरियाची राजधानी सोफिया इथून इस्तंबूलला गाडीच नाही असे मला दोनदा सांगितले, आणि तिचे तिकीट अखेर सोफियाच्या स्थानकावर, खिडकीशी उभे राहूनच काढावे लागले. तेहतीस देशांच्या रेल्वेत चालणारा युरेल पास असतो, हे मी त्यांना उत्साहाने सांगितले. त्यांनी हिशेब मांडला आणि म्हणाले, “पास म्हणजे बर्थ नव्हे. बर्थचे पैसे वेगळे, आणि आपल्याला गाड्या तीनच.” पासाचा विषय तिथेच मिटला.

मार्ग मात्र रेल्वेने नव्हे, आमच्या पासपोर्टने ठरवला. नकाशावर बेलग्रेडवरून जाणारी वाट सरळ दिसते. पण सर्बिया शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, असल्यामुळे एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर तिथे गेले, की पुढे बल्गेरियात शिरता येत नाही. रुमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमांवरील शेंगेन तपासणी 1 जानेवारी 2025 पासून उठली आहे, म्हणून आम्ही रुमानियाची राजधानी बुखारेस्टवरून लांबचा फेरा घेतला. रुमानियाचे घड्याळ हंगेरीच्या एक तास पुढे असते हे मी सांगेपर्यंत बाबा वेळापत्रकातल्या, सीमेवरच्या त्या ‘एवढ्या मोठ्या थांब्या’वर डोके खाजवत बसले होते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज भरायच्या आदल्या रात्रीचा प्रसंग आठवला, की अजून मला घाम फुटतो. सोफियाहून निघण्याची तारीख 28, म्हणून शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेच्या रकान्यातही मी 28 लिहून मोकळी झाले होते. बाबांनी चष्मा वर केला, लाल शाईचे पेन उचलले आणि त्या आकड्याभोवती गोल काढला. “गाडी संध्याकाळी सुटते. बॉर्डरवर कधी पोचते?” मध्यरात्रीनंतर, असे मी सांगितले. “म्हणजे 29. आयुष्यभर बघितलं आहे अगं, रात्री बारा दहाच्या गाडीचं तिकीट आदल्या दिवशीचं काढून लोक फलाटावर रडत उभे असतात.” म्हणजे व्हिसा संपलेला आणि आम्ही बल्गेरियातच, असे झाले असते; शिवाय शेंगेन व्हिसाच्या आधारावर मिळणाऱ्या तुर्की ई-व्हिसासाठीही तो व्हिसा प्रवेशाच्या दिवशी चालू असावा लागतो. चार नकाशे आणि दोन अॅप उघडून बसलेल्या मला हे सुचले नव्हते. मी रकान्यात 30 लिहिले.

प्रत्यक्ष प्रवासाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. व्हिएन्ना-बुखारेस्टच्या रात्रगाडीत उशी पातळ होती, पण दुसऱ्या दिवशी ब्राशोव्हनंतर कार्पेथियन डोंगर आले आणि तक्रार करायची राहून गेली. ज्युर्जू या रुमानियाच्या सीमेवरील गावापाशी डॅन्यूब ओलांडताना रुळ 1954 सालच्या पुलाच्या खालच्या मजल्यावरून जातात. 1883 मधल्या पहिल्या ओरिएंट एक्सप्रेसच्या प्रवाशांना हीच नदी बोटीने पार करावी लागली होती आणि पुढे वार्नाहून जहाज धरावे लागले होते, हे बाबांनी शेजारच्या परक्या प्रवाशाला मराठीतच समजावून दिले.

कापिकुले या तुर्की सीमेवरील स्थानकात सगळ्यांना सामानासकट खाली उतरवतात. गाढ झोपेतून उठून, थंडीत, जोडे नीट न घालता पासपोर्टच्या रांगेत उभे राहणे मला मुळीच आवडले नाही. तिथे बसायला पुरेशी बाकेही नाहीत. बाबा मात्र रांगेतून मान वाकडी करून गाडीच्या शेवटच्या डब्याचा लाल दिवा लागला आहे ना, ते पाहत होते. आमचा नंबर आला, शिक्का बसला. त्यांनी पासपोर्ट फलाटावरच्या दिव्याखाली धरला, शाईतली 29 तारीख वाचली, मग वही काढून वेळेपुढे बरोबरची खूण केली आणि विचारले, “चहा कुठे मिळेल?”